महागड्या स्टिरिओवर जुनी नाट्यगीतं कर्कश लागतात. सिस्टीम चुकली का?

तुम्ही लिहिलंय की नवी रेकॉर्डिंगं सुरेख वाजतात, पण वडिलांनी जपलेल्या जुन्या तबकड्या पत्र्यावर पाऊस पडावा तशा ऐकू येतात. सिस्टीम अजिबात चुकलेली नाही, विकू नका. मी फोंड्याचा, पहिली दोन वर्षं मलाही हाच त्रास झाला.

चांगला स्पीकर खरखरही गाण्याइतक्याच इमानाने ऐकवतो. म्हणून आधी तबकडीत मुळात काय उतरलंय ते पाहावं. १९२५ पूर्वी गायक भोंग्यासमोर गायचे आणि अडीच-तीन हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तितकी कंपनं) वरचं फारसं काही उमटायचंच नाही. मायक्रोफोन आल्यावर ही मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत गेली. त्याच्या वर तुम्हाला जे ऐकू येतं ती बहुतेक खरखरच. ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज, बिनधास्त उतरवा. शुद्धतेच्या नादात टोन कंट्रोल नसलेला अँप्लिफायर घेतला असेल, तर साधा इक्वलायझर (आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणारं यंत्र) मध्ये जोडा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि मोनो करा, म्हणजे डावा आणि उजवा चॅनल एकत्र करा. यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो. ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकडीत गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं; सुईच्या उभ्या उड्या म्हणजे नुसता कचरा. दोन्ही चॅनल एकत्र केले की तो कचरा आपसात कटतो. सुईही ७८चीच हवी, एलपीची (नंतरच्या, बारीक खाचेच्या तबकडीची) सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. आवाज थोडा कमी ठेवा. नव्या सीडींपैकी ज्यांत सगळं एकसारखं मोठ्या आवाजात ठासून भरलेलं असतं, त्यांचाही आवाज कमी ठेवा.

आपल्या गोव्यातल्या केरीच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची भैरवी तीन-साडेतीन मिनिटांची. १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली ती याच जातीच्या ध्वनिमुद्रणातून. तो षड्ज कानात भरला की खरखर आपोआप मागे सरते.

मात्र सॉफ्टवेअरने खरखर धुऊन काढू नका. हे कळकळीने सांगतो, कारण मी पस्तावलोय. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकाची १९८६ची कॅसेट आहे, गाणारे माझे काका. टेपरेकॉर्डर पेटीला खेटून ठेवलेला, त्यामुळे पेटी पुढे आणि काका लांब. मी ती एका ठिकाणी साफ करायला दिली. परत आली ती शांत, पण प्रत्येक तानेचं शेपूट कापलेलं. आवाज विरत जातो तेव्हा तो टेपच्या सुस्काऱ्यात मिसळतो. सुस्कारा काढला की तोही जातो.

मग मूळ कॅसेट काढली. (पावसाळ्यात आपल्याकडे टेपला बुरशी धरते, पांढरं दिसलं तर डेकमध्ये घालूच नका.) मोनो केल्यावर आवाज दबल्यासारखा वाटला, म्हणजे हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन जुळत नव्हता. हेडशेजारचा स्क्रू बारीक पेचकसने केसभर फिरवत गेलो, आणि एका जागी काकांचे ‘स’ आणि ‘श’ एकदम वेगळे झाले. पेटीच्या भात्याचा श्वास ऐकू आला. मागून कोणीतरी ‘वन्स मोअर’ ओरडलं, काका जरा खाकरले आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आले. ते खाकरणं साफ केलेल्या प्रतीत नाही.