पांढऱ्या पडलेल्या कोन शंखाच्या (शंकूच्या आकाराच्या समुद्री गोगलगायीच्या कवचाच्या) जीवाश्माची प्रजाती ओळखता येते का? नवी निघाली तर नाव कसं देतात?

हो, बऱ्याचदा येते: अंधाऱ्या खोलीत शंख यूव्ही (अतिनील) दिव्याखाली धरा, उडालेली नक्षी पुन्हा दिसू शकते. जिवंत कोन शंखांच्या प्रजाती ओळखताना रंगनक्षीचा मोठा आधार असतो, कारण निव्वळ आकार अनेकांचा सारखाच. जिथे रंगद्रव्य होतं तिथे शंख चमकतो, म्हणजे नक्षी उलटी दिसते. मूळचे गडद ठिपके उजळ आणि पांढरी जागा काळी. फोटो काढून त्याचे रंग उलटवले की तुलना सोपी होते. जीवाश्म-अभ्यासक जोनाथन हेंड्रिक्स यांनी २०१५ साली याच पद्धतीने डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या ६६ ते ४८ लाख वर्षं जुन्या शंखांत २८ प्रजाती वेगळ्या केल्या आणि त्यांतल्या १३ नव्या वाटल्या! नक्षीच्या जोडीला वरच्या वेटोळ्यांची उंची, त्यांवरच्या गाठी आणि खांद्याचा (शेवटच्या वेटोळ्याच्या वरच्या कडेचा) आकारही तपासा.

नावासाठी प्राणी नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे प्रजातीचं वेगळेपण सांगणारं वर्णन प्रकाशित करावं लागतं, आणि एक नमुना होलोटाइप (त्या नावाचा अधिकृत आधार-नमुना) ठरवून तो कोणत्या संग्रहात आहे किंवा राहील हेही सांगावं लागतं. आधीच्या प्रजातींच्या होलोटाइपशी ताडून पाहिल्याशिवाय 'नवी' म्हणू नका, नाहीतर एकाच शंखाला दोन नावं पडतात.

मात्र मूळ कवच विरघळून आतल्या गाळाचा साचाच उरला असेल, तर दिव्याचा उपयोग नाही. मग प्रजातीचं नाव न लिहिणंच प्रामाणिक.