आईला गाडीत बोललेलं ऐकू येत नाही

वाचकांचे प्रश्न : मोटार आणि तिची निगा

प्रश्न : सर, आमची हॅचबॅक नऊ वर्षांची आहे, ८२ हजार किलोमीटर झालेत. आई ७६ वर्षांची, उजव्या कानाला श्रवणयंत्र लावते. दर महिन्याला डोळे तपासायला तिला सांगलीहून पुण्याला न्यावं लागतं. ती मागच्या सीटवर बसते. पेठ नाक्याला हायवेला लागलो की आतला आवाज इतका वाढतो, की आम्ही काय बोलतो ते तिला कळत नाही. मग ती गप्प बसून राहते. एका दुकानात चारी दारांना आणि फ्लोअरला आतून आवाज दाबणारी मॅट बसवायचे २८ हजार सांगितले. तेवढे जमणार नाहीत. हे काम घरी करता येईल का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ‘मग ती गप्प बसून राहते’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं. घरात टीव्ही बंद केला की सगळं ऐकायचे, गाडीत बसले की बोलणं संपलं. त्यामुळे तुमचं काम मी माझ्या घरचं समजून सांगतो.

काम घरी होतं. दोन रविवार लागतील. पण मॅट विकत आणण्याआधी एक पैसाही न लागणारी गोष्ट करा. पुढच्या खेपेला आईंना पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसवा. त्यांचं यंत्र उजव्या कानाला आहे, म्हणजे डाव्या सीटवर तो कान थेट तुमच्याकडे येतो. मागे बसल्या की तुमचा आवाज समोरच्या काचेकडे जातो आणि त्यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर विरतो. शिवाय हॅचबॅकमध्ये मागच्या चाकांचा आवाज सर्वात जास्त मागच्या सीटवरच येतो. श्रवणयंत्र बसवून देणाऱ्यांनाही विचारा, की गाडीसाठी वेगळं सेटिंग करून मिळेल का. बरीच यंत्रं गोंगाटात समोरून येणाऱ्या बोलण्याकडे लक्ष धरतात, आणि गाडीत बोलणारा माणूस बाजूला असतो.

आता गाडीकडे येऊ. नऊ वर्षांच्या गाडीत वाढलेला आवाज हा पुष्कळदा आवाज नसतो, तक्रार असते. आमच्या आयटीआयमध्ये मी एकतीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला. पोरांना पहिल्या आठवड्यात हेच सांगायचो, की कान लावल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

मोकळा सरळ रस्ता बघून ६० च्या वेगाने चला. तोच वेग ठेवून गिअर बदला. इंजिनाचे फेरे बदलले तसा आवाज बदलला, तर तो इंजिनाचा किंवा सायलेन्सरचा. जसाच्या तसा राहिला तर तो चाकांकडून येतोय. मग हलक्या वळणावर कान द्या. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा घों-घों वाढली आणि उजव्या वळणावर कमी झाली, तर उजव्या बाजूचं व्हील बेअरिंग गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर मॅटचा विचारसुद्धा करू नका, थेट गॅरेज गाठा. बेअरिंगचा आवाज मॅटखाली दाबून टाकणं म्हणजे दुखणं लपवणं आहे.

बेअरिंग ठीक असेल तर टायर बघा. तळहात टायरच्या नक्षीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर वेडंवाकडं झिजलंय आणि ते रस्त्यावर गुरगुरणारच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५ वा आठवडा. तुमच्या गाडीला अजून पहिलीच टायरं असतील तर नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालंय. कडक रबर रस्त्यावर आपटतं, मऊ रबर रस्ता गिळतं. सस्पेन्शन तपासून, अलाइनमेंट करून चांगली टायरं घातली तर तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल असं मला वाटतं. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. पंपावाल्याच्या अंदाजाने भरू नका. जास्त हवा म्हणजे जास्त दणके.

तिसरी तपासणी दारांच्या रबराची. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. पट्टी घट्ट यायला हवी. चारी बाजूंनी असं करा. जिथे सहज सुटून येते तिथून वारा आणि आवाज दोन्ही आत येतात. बोटाएवढी फट राहिली तर बाकी सगळं दार कितीही जाड करा, फरक पडत नाही.

एवढं झाल्यावर मॅट. ती नेमकं काय करते हे मी मिरजेत राहतो म्हणून मला सोप्या रीतीने सांगता येतं. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्यांची गल्ली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तो हाच व्यवसाय. तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर तिचा आवाज हातभर अंतरावर ऐकू येणार नाही. तारेचं कंपन घोडीतून, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीतून, तबलीत, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणात उतरतं, आणि तबलीचा मोठा पसारा हवा हलवतो, तेव्हा कुठे खोली भरते. गाडीत तेच होतं. टायर ही तार, सस्पेन्शन ही घोडी, आणि डिकीचा, फ्लोअरचा, दाराचा पत्रा ही तबली. तंबोरा वाजत असताना तबलीवर नुसता तळहात टेका, नाद लगेच बसतो. तो तळहात म्हणजे तुमची बुटाइलची मॅट. मागे चिकट काळं बुटाइल रबर, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा.

आता बघा, तबली गप्प करायला आपण ती संपूर्ण झाकत नाही, मधोमध हात ठेवतो. पत्र्याचंही तसंच. सपाट पत्र्याच्या मध्यभागी, एकूण पृष्ठभागाच्या पाव ते एक तृतीयांश भागावर मॅट बसली की थरथर जवळपास थांबते. पुढे कानाकोपरा भरत बसलात तर वजन आणि बिल वाढतं, शांतता फारशी वाढत नाही. बोटाच्या पेराने पत्रा ठोकून बघा. मॅट नसताना ‘टण्ण’ येतं, असताना ‘ठप्प’. ठप्प आलं की पुढच्या पत्र्याकडे वळा.

दुकानदार दारांपासून सुरुवात करतात, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना गाण्याचा आवाज सुधारायचा असतो. तुम्हाला बोलणं ऐकू यायला हवंय, तेव्हा तुम्ही डिकीपासून करा. हॅचबॅकमध्ये डिकी आणि बसायची जागा यांच्यात भिंत नसते. स्टेपनीची खोबण आणि मागच्या चाकांच्या कमानी आतून बहुधा उघड्या पत्र्याच्या असतात, वर नुसतं पातळ कार्पेट. तिथे जीव ओता. नंतर मागच्या सीटखालचा पत्रा, मग मागची दोन दारं. पुढच्या सीटा काढू नका. त्यांच्याखाली एअरबॅगच्या आणि बेल्टच्या पिवळ्या वायरी असतात, आणि घरी त्यांना हात लावायचं कारण नाही. मागच्या सीटखाली पेट्रोल पंपाचं झाकण असतं, ते मोकळं ठेवा. गाडी सीएनजीवर असेल तर डिकीतल्या टाकीच्या व्हॉल्व्हजवळ आणि तिच्या वाफनळीपाशी काहीही चिकटवू नका.

मॅट २ मिलिमीटरची पुरे. एक चौरस मीटर साधारण तीन किलो भरते. तुम्हाला दोन-अडीच चौरस मीटर लागेल. जुन्या वर्तमानपत्राचे कागद पत्र्यावर ठेवून आधी नमुने कापा, शिंपी कापतो तसे, आणि मग मॅट कापा. पत्रा थिनरच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. चारी दारं उघडी ठेवा, जवळपास विडीकाडी नको. मॅट हाताने दाबून भागत नाही, लाकडी किंवा रबरी रोलरने रगडायची. पापुद्र्यावरची ठिपक्यांची नक्षी सपाट झाली म्हणजे ती पत्र्याला भिडली. हातमोजे घाला, त्या पापुद्र्याची कड ब्लेडसारखी असते.

मॅटने पत्रा गप्प होतो, पण हवेतून येणारा टायरचा गरगराट अडत नाही. त्याला वजन लागतं. डिकीच्या फ्लोअरवर आणि कमानींवर बंद छिद्रांचा (पाणी न पिणारा) पातळ फोम, आणि त्यावर चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास वजनाचं जड व्हिनाइल नुसतं अंथरा. तुकड्यांचे सांधे एकमेकांवर चढवा, फट ठेवू नका. वरून कार्पेट परत टाका. सगळं मिळून गाडीचं वजन पंधरा किलोभर वाढेल. त्याची काळजी नको.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो. स्वस्त पडते म्हणून स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगची डांबरी शीट वापरू नका. मी वापरली होती. डिसेंबरात बसवली, छान चिकटली. एप्रिलमध्ये गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली आणि आत शिरलो तर रस्त्याचं काम चालू असल्यासारखा वास. दारातली शीट सैल पडून खाली घसरली, काळं वितळून क्लिपांवर आलं. वडिलांना त्या वासाने मळमळायचं, म्हणून मे महिन्यात एकेक दार खोलून रॉकेल आणि खरवडणी घेऊन मी ते काढलं. चार दिवस गेले. सांगली-मिरजेच्या उन्हाळ्यात बंद गाडीचा पत्रा किती तापतो ते तुम्हालाही माहीत आहे. घेताना ‘बुटाइल’ आहे का ते विचारा आणि तुकडा नाकाला लावून बघा. डांबराचा वास आला तर परत द्या.

गादीचा किंवा सोफ्याचा फोमही नको. तो पाणी पितो, पावसाळाभर ओला राहतो आणि आतून पत्रा गंजतो. दाराच्या तळाला पाणी निघून जायची भोकं असतात, ती मॅटने बुजू देऊ नका. दाराचं पॅनल काढलं की आत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो फालतू वाटतो, पण काचेवरून आत उतरलेलं पाणी तोच बाहेर वळवतो. काम झालं की तो कडेकडेने नीट चिकटवा. एकदा माझ्याकडून एक कोपरा सुटला होता, जुलैत पायाखालचं कार्पेट भिजून कुबट झालं. पॅनल लावण्याआधी काच दोनदा पूर्ण वर-खाली करून बघा.

काम सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने मोजा. तोच रस्ता, तोच ६० चा वेग, काचा बंद, एसी बंद. डांबरी तुकड्यावर एकदा आणि काँक्रीटच्या तुकड्यावर दुसऱ्यांदा अशी तुलना करू नका, काँक्रीट मुळातच जास्त वाजतं. माझ्या गाडीत ७१ चे ६८ झाले. तीन डेसिबल कागदावर थोडे दिसतात. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला सुमारे दहा डेसिबल उतरावे लागतात आणि ते घरच्या कामात होत नाही. पण आकड्यावर जाऊ नका. टायरचा घुमारा खालच्या पट्टीतला असतो आणि तो बोलण्यातली स, श, फ, त ही नाजूक अक्षरं गिळून टाकतो. घुमारा थोडा उतरला की ही अक्षरं वर येतात, आणि ऐकणाऱ्याला आख्खा शब्द मिळतो. माझे वडील त्या कामानंतर उंब्रजजवळ ऊस बघून आपणहून बोलायला लागले होते, यंदा तोडणी लवकर आली म्हणून.

आईंना पुढे बसवून काय फरक पडला ते मला जरूर कळवा.

प्रश्न : खंबाटकी घाट उतरून गाडी ८० च्या पुढे गेली की ड्रायव्हरच्या काचेपाशी शिट्टीसारखा आवाज येतो. रबर बदललं, तरी आहेच. काय करावं?
— एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : हा वाऱ्याचा आवाज आहे, मॅटने जाणार नाही. रंगकामाची कागदी चिकटपट्टी आणा. दाराच्या वरच्या फटीवर बाहेरून लावा आणि शेजारी कुणाला तरी कान द्यायला बसवून त्याच वेगाने एक चक्कर मारा. शिट्टी तशीच असेल तर ती पट्टी काढून आरशाच्या बुडाशी लावा, मग काचेच्या पुढच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडेला. ज्या पट्टीने शिट्टी थांबेल तीच जागा. सगळ्या पट्ट्या एकदम लावू नका, मग कळणार नाही. रबर बदलूनही राहिलं म्हणता, तर मला दाराच्या बिजागरीचा संशय आहे. दार उघडून खालून उचलून बघा. थोडंही वर-खाली हललं तर दार खाली बसलंय आणि नवं रबर वरच्या कडेला टेकतच नाही. बिजागरीची पिन बदलून दार वर घ्यावं लागेल, ते काम डेंटिंगवाल्याकडून करून घ्या.