आयसीयूतल्या रुग्णाचा टी३ कमी आला म्हणजे थायरॉईड बिघडला का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६४ वर्षांचे, निमोनियामुळे धंतोलीतल्या एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर आहेत. आधी थायरॉईड कधीच नव्हता. आता टी३ ३८, टी४ ४.६ आणि टीएसएच ०.३, तिन्ही कमी आलेत. डॉक्टर म्हणतात काही करायचं नाही. तुमचे काकाजी म्हणतात, थायरॉईडची साधी गोळी आहे, मग देत का नाहीत?

मी नागपुरातच फिजिशियन आहे, माझा बराचसा दिवस आयसीयूत जातो. हा प्रश्न मला दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांकडून नेहमी येतो. आधी थेट उत्तर देतो. या आकड्यांवरून बाबांची थायरॉईड ग्रंथी बिघडली असं म्हणता येत नाही, आणि गोळी न देण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. त्यात हलगर्जी नाही.

टी३ आणि टी४ ही थायरॉईडची हार्मोन्स. ग्रंथीतून मुख्यतः टी४ बाहेर पडतं. शरीरात खरं काम करतं ते टी३, आणि त्यातलं सुमारे ८० टक्के ग्रंथीबाहेर बनतं. यकृत, मूत्रपिंड, स्नायू इथे टी४ मधला आयोडीनचा एक अणू काढला जातो आणि टी३ तयार होतं. जंतुसंसर्ग, मोठं ऑपरेशन, हार्ट अटॅक, भाजणं, मे महिन्यातला आपल्याकडचा उष्माघात, काहीही असो, माणूस गंभीर झाला की काही तासांतच हे रूपांतर मंदावतं. उलट टी४ पासून रिव्हर्स टी३ नावाचं जवळजवळ निष्क्रिय रूप जास्त साठू लागतं. नुसता एक-दोन दिवस कडक उपास केला तरी निरोगी माणसाचा टी३ खाली येतो. पाऊस कमी झाला की तोतलाडोहचं पाणी नागपूरला पिण्यासाठी राखून सिंचनाला कात्री लावतात ना, तसं शरीर खर्च आवरतं.

मग टीएसएच का वाढला नाही? निरोगी माणसात टी३, टी४ घटले की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन, वाढवते. ग्रंथीच खराब असेल तर सगळ्यात आधी टीएसएच चढतो, तोही ठळकपणे. बाबांच्या रिपोर्टमध्ये तो उलट थोडा खालीच आहे. आजार लांबला की मेंदूकडून पिट्युटरीला जाणारा आदेशच कमी होतो, म्हणून आठवडाभरात टी४ सुद्धा उतरू लागतं. शिवाय आयसीयूतली औषधं आकडे फिरवतात. बीपी वाढवणारं डोपामिन आणि स्टेरॉइड टीएसएच दाबतात. रक्ताची गुठळी रोखणारं हेपॅरिन चालू असेल तर फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी४, तपासणीच्या नळीत खोटं जास्त दिसू शकतं. हृदयाचे ठोके आवरायला अमिओडॅरोन दिलं असेल तर २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि आपली रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम! सीटी स्कॅनच्या कॉन्ट्रास्टमध्येही आयोडीनच असतं. म्हणून बाबांना काय काय चालू आहे हे पाहिल्याशिवाय तो कागद वाचताच येत नाही.

आता गोळीचं. हा विचार नवा नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत आयसीयूतल्या, टी४ खूप खाली गेलेल्या रुग्णांना थायरॉक्सिन, म्हणजे औषधरूपातलं टी४, देऊन पाहिलं. रक्तातला आकडा सुधारला, माणसं जास्त वाचली नाहीत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत अचानक किडनी फेल झालेल्या रुग्णांना ते दिलं, तर औषध मिळालेल्या गटात मृत्यू ४३ टक्के आणि न मिळालेल्यांत १३ टक्के. चाचणी छोटी होती, पण ‘दिली तर बिघडतं काय’ हे म्हणणं तिथेच संपतं. थायरॉक्सिनने हृदयाचं काम वाढतं, ऑक्सिजनची गरज वाढते. ज्याचं हृदय आधीच नॉरॲड्रिनॅलिन या बीपीच्या औषधाच्या आधारावर चाललंय त्याला हे झेपेलच असं नाही. आजार महिनाभर रेंगाळला तर हार्मोन द्यावं का, यावर तज्ज्ञांत अजूनही मतभेद आहेत. पहिल्या आठवड्यात मात्र, आधीचा थायरॉईडचा आजार नसेल तर, देऊ नये याच मताचा मी आहे.

तुमच्यापासून एक गोष्ट लपवत नाही. टी३ आणि विशेषतः टी४ जितकं खाली, तितका आजार गंभीर, हे खरं आहे. पण तो आजाराचा परिणाम आहे. निमोनिया उतरला की आकडे आपोआप वर येतात. आकडे वर ढकलले म्हणून निमोनिया उतरत नाही. डॉक्टरांशी बोलताना तुमचा वेळ ऑक्सिजन किती लागतोय, बीपीचं औषध कमी होतंय का, लघवी किती होते, ताप आहे का, यावर घालवा.

खरा थायरॉईडचा रुग्ण आयसीयूत कसा दिसतो तेही सांगतो, म्हणजे फरक कळेल. थंडीत भंडाऱ्याकडून एक आजी बेशुद्धावस्थेत आणल्या होत्या. अंग गार, तापमान ३३ अंश, नाडी चाळिशीत, सोडियम घसरलेलं, चेहरा सुजलेला, कातडी कोरडी खरखरीत. घोट्यामागे हातोडी मारली तर पाय हलायचा, पण परत जागेवर यायला फार वेळ घ्यायचा. मानेवर हार घालतात तिथे जुन्या ऑपरेशनचा आडवा व्रण होता. नातवाने पिशवीतून जुनी चिठ्ठी काढली: थायरॉक्सिन १०० मायक्रोग्रॅम. गोळ्या कित्येक महिने बंद होत्या. टीएसएच शंभराच्या वर आला, पण आम्ही रिपोर्टची वाट पाहत बसलो नाही. आधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि मग राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, थायरॉक्सिन. अशा वेळी औषधाला एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो.

म्हणून डॉक्टरांना या गोष्टी नक्की सांगा: बाबांनी कधी थायरॉईडची गोळी घेतली होती का, मानेचं ऑपरेशन किंवा रेडिओआयोडीन (थायरॉईडसाठी देतात ते किरणोत्सारी आयोडीन) झालं होतं का, पूर्वी डोक्याला मोठा मार बसला होता का, त्यांना कधी घोणस चावली होती का. शेवटचं ऐकून नवल वाटेल, पण घोणसच्या विषाने पिट्युटरी कायमची निकामी होऊ शकते. तेव्हाही टी४ आणि टीएसएच दोन्ही असेच कमी दिसतात. आपल्या विदर्भात शेतावर राबलेल्या माणसाला हे विचारलंच पाहिजे. तसा संशय असेल तर आधी कॉर्टिसोल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) तपासून त्याची भरपाई करतात, थायरॉक्सिन नंतर.

आणखी कोणी हे वाचत असेल आणि त्यांचा रुग्ण आधीपासून थायरॉक्सिन घेत असेल, तर वरचं सगळं त्याला लागू नाही. त्याची गोळी चालूच राहिली पाहिजे. टी४ चं अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचं, त्यामुळे दोन-तीन दिवस चुकली तर घाबरू नका, पण भरतीच्या गडबडीत ती यादीतून गळते हे मी पाहिलंय. नळीतून द्यायची असेल तर दूध-फीड काही वेळ थांबवून द्यावी, लोह आणि कॅल्शियम वेगळ्या वेळी.

माझं स्पष्ट मत, ठोस संशय नसेल तर आयसीयूत ही तपासणी पाठवूच नये. रिपोर्टवर तीन ठिकाणी खाली बाण दिसतात आणि घरच्यांची आणखी एक रात्र जागून जाते.

बाबा बरे होऊ लागले की टीएसएच काही दिवस नॉर्मलच्या वर, कधी २० पर्यंतही जातो. तेव्हा कुणी वॉर्डात पुन्हा तपासणी केली आणि ‘आता थायरॉईड झाला’ म्हणून कायमची गोळी लिहून दिली, तर सुरू करण्याआधी एकदा विचारा. २० च्या वर असेल तर मात्र खरा आजार समजून पुढचा शोध घ्यायला हवा. नाहीतर घरी आल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ करा. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.