वाचकांचे प्रश्न : बॅटरीत खरोखर किती वीज शिल्लक आहे?

प्रश्न : आमचे घर पूर्णपणे सौरऊर्जेवर चालते, बाहेरची वीजजोडणी नाही. २४ व्होल्टची, ४०० अँपिअर-अवर (अँपिअरमधील प्रवाह गुणिले तास) क्षमतेची, पाणी घालावे लागणारी लेड-ॲसिड बॅटरी आहे आणि तिला शंटवर चालणारा बॅटरी मॉनिटर जोडला आहे. संध्याकाळी मॉनिटर ९० टक्के दाखवतो. पहाटे तो ६० टक्के दाखवत असतानाच इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ची सूचना देऊन बंद पडतो. दोष मॉनिटरमध्ये आहे की बॅटरीत?

उत्तर : यांपैकी काहीही बदलण्याची घाई करू नये. ९० वरून ६० टक्क्यांवर येणे म्हणजे मॉनिटरच्या हिशेबाने रात्रभरात १२० अँपिअर-अवर खर्च झाले आणि २४० शिल्लक आहेत. इन्व्हर्टर मात्र बॅटरीचे व्होल्टेज उतरल्यामुळेच बंद पडला. तेव्हा खर्च मोजला त्याहून अधिक झाला असेल, संध्याकाळी बॅटरी ९० टक्के भरलेलीच नसेल किंवा तिची क्षमता आता ४०० अँपिअर-अवर उरली नसेल. या तिन्ही शक्यता याच क्रमाने तपासाव्यात, कारण पहिल्या दोन तपासण्यांना जवळपास काहीच खर्च येत नाही.

शंट म्हणजे अत्यंत कमी, परंतु अचूक माहीत असलेल्या रोधाची धातूची पट्टी. ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट असे जिच्यावर लिहिलेले असते, त्या पट्टीचा रोध ओहमचा केवळ दहा हजारावा भाग असतो. मॉनिटर तिच्या दोन टोकांमधील सूक्ष्म व्होल्टेज मोजून प्रवाह काढतो आणि जमाखर्चाच्या वहीसारखी बेरीज-वजाबाकी करत राहतो. शंटमधून न जाणारा प्रवाह या वहीत कधीच नोंदला जात नाही. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपाशी जाऊन नीट पाहावे. तेथून एकच जाड केबल निघून शंटच्या बॅटरीकडील बोल्टवर गेली पाहिजे आणि इन्व्हर्टर, चार्ज कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत होणारा भरणा आवरणारे उपकरण), डीसी पंप, डीसी फ्रिज या सर्वांच्या निगेटिव्ह वायर शंटच्या दुसऱ्या बाजूला असल्या पाहिजेत. नंतर घाईत जोडलेल्या एखाद्या उपकरणाची वायर थेट टर्मिनलवर कसलेली आढळते, तेव्हा त्या उपकरणाचा खर्च मॉनिटरला दिसत नाही आणि टक्केवारी खऱ्यापेक्षा जास्त राहते. याउलट चार्ज कंट्रोलरची वायर थेट टर्मिनलवर असेल, तर भरणा नोंदला जात नाही आणि टक्केवारी खऱ्यापेक्षा कमी दिसते. आपली तक्रार पहिल्या प्रकारात बसते.

डोळ्यांनी पाहून खात्री होत नसेल, तर रात्री सौर पॅनेलचा पुरवठा नसताना एकेक उपकरण चालू करून मॉनिटरवरील प्रवाह त्या प्रमाणात वाढतो का, ते पाहावे. बॅटरीच्या केबलवर क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून प्रवाह मोजणारे उपकरण) लावून आकडा पडताळणे उत्तम. मात्र तो डीसी मोजणारा हवा, कारण केवळ एसी मोजणाऱ्या क्लॅम्पला हा प्रवाह दिसतच नाही. सर्व उपकरणे बंद करून मॉनिटर शून्य दाखवतो का, तेही पाहून घ्यावे. ०.२ अँपिअरची चूक किरकोळ वाटते, परंतु ती दिवसाला ४.८ आणि दहा दिवसांत ४८ अँपिअर-अवर, म्हणजे आपल्या बॅटरीच्या १२ टक्के होते.

आता दुसरी शक्यता. माझ्या मते आपल्या घरी मूळ दोष बहुधा येथेच सापडेल. कोणताही मोजणारा मॉनिटर हळूहळू भरकटतो, आणि बॅटरी पूर्ण भरल्याचे ओळखून तो स्वतःला पुन्हा १०० टक्क्यांवर आणतो. ही ओळख दोन आकड्यांवर ठरते. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर असावे लागते आणि त्याच वेळी भरणा करणारा प्रवाह क्षमतेच्या साधारण २ ते ४ टक्क्यांखाली, म्हणजे आपल्या बाबतीत ८ ते १६ अँपिअरखाली, काही मिनिटे टिकावा लागतो. चार्ज कंट्रोलर २८.८ व्होल्टपर्यंत भरत असताना मॉनिटरमध्ये ही पातळी २६.४ व्होल्ट ठेवलेली असेल, तर दुपारी ढग येऊन प्रवाह घटला की अर्धवट भरलेली बॅटरीही मॉनिटरला पूर्ण भरलेली वाटते. त्या क्षणापासून पुढचा सारा हिशेब खोट्या शंभरापासून सुरू होतो. म्हणून ही पातळी चार्ज कंट्रोलरच्या भरण्याच्या व्होल्टेजपेक्षा किंचितच कमी, सुमारे २८.४ व्होल्ट, ठेवावी.

याची साक्ष हायड्रोमीटर देईल. मॉनिटर १०० टक्के दाखवत असताना, भरणा थांबल्यावर, प्रत्येक सेलमधील द्रावाची घनता मोजावी. बऱ्याच बॅटऱ्यांमध्ये २५ अंश सेल्सिअसला पूर्ण भरलेल्या सेलची घनता सुमारे १.२६५ असते, आपल्या बॅटरीसाठी उत्पादकाने दिलेला आकडा प्रमाण मानावा आणि द्राव १० अंशांनी अधिक गरम असल्यास वाचनात साधारण ०.००७ मिळवावेत. डिस्टिल्ड वॉटर नुकतेच घातले असेल तर मापन पुढे ढकलावे, कारण ते मिसळलेले नसते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नये. सर्वच सेल १.२०० च्या आसपास असतील, तर बॅटरी दिवसेंदिवस अर्धी भरत आहे आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट होत चालले आहे. आधी तिला दीर्घकाळ पूर्ण भरणा द्यावा. सर्व सेल नीट भरूनही रात्री हाच प्रकार झाला, तर मात्र क्षमता घटली आहे, असे समजून मॉनिटरमधील ४०० हा आकडा कमी करावा.

प्रश्न : आम्ही लेड-ॲसिडऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. जुना व्होल्टमीटर आणि बॅटरीतील बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून त्यांचे संरक्षण करणारे सर्किट) एवढ्यावर भागेल का?

उत्तर : भागणार नाही. या सेलचे व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्के भरणीच्या टप्प्यात जेमतेम ०.१ व्होल्टने बदलते, आणि उपकरणे चालू-बंद होताना होणारा चढउतारही तेवढाच असतो. व्होल्टमीटर त्यामुळे ‘संपत आली’ किंवा ‘भरत आली’ एवढेच सांगू शकतो. बीएमएसचे मुख्य काम संरक्षणाचे आहे. अनेक बीएमएस अगदी लहान प्रवाह नोंदत नाहीत, आणि रात्रभर चालणारी लहान उपकरणे हिशेबातून निसटतात. वेगळा शंट बसवावाच. बीएमएसमधून घ्यायची मौल्यवान माहिती म्हणजे भरणा पूर्ण होत असतानाचा सेल-सेलमधील व्होल्टेजचा फरक, आणि तापमान. शून्य अंशाखाली या सेलना भरणा दिल्यास आत धातुरूप लिथियम साचून कायमचे नुकसान होते, म्हणून थंड ठिकाणी तापमानाचा सेन्सर थेट सेलला चिकटलेला हवा.

प्रश्न : सर्व आकडे संगणकावर सतत नोंदवून ठेवायचे आहेत. काय नोंदवावे आणि किती वेळाने?

उत्तर : बॅटरीचे व्होल्टेज, प्रवाह व तापमान आणि पॅनेलकडून आलेली शक्ती, हे चार आकडे मिनिटाला एकदा नोंदवले तरी दिवसाला १,४४० नोंदी होतात आणि बहुतेक सर्व दोष त्यांत सापडतात. पंप सुरू होतानाचा क्षणिक झटका मिनिटाच्या नोंदीत दिसत नाही; त्यासाठी प्रत्येक मिनिटातील किमान व्होल्टेजही साठवावे. दुपारी पॅनेलची शक्ती घसरलेली दिसली की अनेकजण पॅनेलला दोष देतात, पण बॅटरी भरत आल्यामुळे कंट्रोलरनेच प्रवाह आवरलेला असतो. त्याच वेळचे व्होल्टेज शेजारी मांडले की खुलासा होतो.

नोंदणीच्या खर्चाचाही विचार व्हावा. ५ वॉटचा लहान संगणक दिवसाला १२० वॉट-अवर घेतो. त्याहून मोठा चोर इन्व्हर्टरचा रिकामा, म्हणजे एकही उपकरण चालू नसतानाचा, खर्च असतो. ३० वॉट सतत म्हणजे दिवसाला ०.७२ युनिट, आणि हा खर्च पहिल्याच रात्रीच्या आलेखात सपाट रेषेच्या रूपाने दिसतो. नोंदी घरातल्याच साठवणीत ठेवाव्यात, इंटरनेटवर विसंबू नये.

व्होल्टेज मोजणारी वायर इन्व्हर्टरपाशी न जोडता बॅटरीच्या टर्मिनलवर जोडावी, अन्यथा केबलमध्ये होणारी व्होल्टेजची घटही मोजमापात येते. या बारीक वायरला बॅटरीच्या अगदी जवळ, ५०० मिलिअँपिअर ते १ अँपिअरचा, डीसी व्होल्टेजसाठी योग्य फ्यूज घालावा, कारण शॉर्ट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर देते आणि एवढ्या प्रवाहाने ती वायर क्षणात पेटते.