बोट पळते, पण मागचा माणूस उठत नाही

प्रश्न : दादा, मी नागपूरचा, मानेवाड्यात राहतो. मागच्या वर्षी आम्ही तिघा मित्रांनी मिळून 14 फुटी फायबरची सेकंडहँड बोट घेतली, मागे 40 एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) आहे. रामटेककडच्या एका तलावावर परवानगी काढून सुट्टीच्या दिवशी नेतो. नुसती बोट मस्त पळते पण वॉटर स्कीइंग (बोटीला बांधलेली दोरी धरून, पायात स्की म्हणजे फळ्या घालून पाण्यावरून घसरणं) करायला गेलं की माणूस उठतच नाही. माझं वजन 78 किलो, अर्धा वर येतो अन् मग बोटच दमते, मी पाणी पिऊन खाली. बोटीत दोघं असताना फुल थ्रॉटलला मीटर 4900 दाखवतं, पंख्यावर (प्रोपेलरवर) 15 पिच लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो 60 चं इंजिन टाका. एवढे पैसे नाहीत आमच्याकडे. काय करावं?

उत्तर : भाऊ, इंजिनाला अजिबात हात लावू नका, पंखा बदला. तुम्ही आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे, तुमचं ते 4900) अन् पिच दोन्ही लिहून पाठवले म्हणून हे इतक्या ठामपणे सांगतोय.

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात कागदावर किती इंच पुढे जायला हवा तो आकडा. 15 चा पंखा म्हणजे टॉपचा गियर. डबल सीट बसवून उड्डाणपूल चढताना बाईक टॉप गियरमध्येच ठेवली तर जे होतं तेच तुमच्या बोटीचं होतंय, पिकअपच नाही. तुमच्यासारख्या बऱ्याच फोर स्ट्रोकना फुल थ्रॉटलला 5000 ते 6000 ची रेंज दिलेली असते (तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात बघून घ्या), आणि तुमचं तर मागे कोणी नसतानाच 4900 च्या वर जात नाही, मग मागे 78 किलोचा माणूस लटकल्यावर ते कुठून लोड घेणार. पिच एक इंच कमी केलं की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात, म्हणजे 12 पिचचा पंखा लावलात तर साडेपाच हजाराच्या आसपास पोचाल. टॉप स्पीड थोडा जाईल. गियर रेशो 2 (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक) धरून हिशोब केला तर 5500 ला पंखा मिनिटाला 2750 फेरे घेतो, गुणिले 12 इंच, म्हणजे कागदावर ताशी 50 किलोमीटर, त्यातून पाण्यात घसरण्याचे 15 टक्के वजा करा, 42 तरी हातात राहतात. दोन स्कीवर उभ्या माणसाला 35 ते 40 पुरतात. फक्त स्कीवाला नसताना रिकाम्या बोटीला थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवू नका, आरपीएम पुस्तकातल्या रेंजच्या वर जायला नकोत.

पण नवा पंखा घ्यायच्या आधी जुना काढून हातात घेऊन बघा. पात्यांच्या कडांवरून हाताचं बोट फिरवा, दगडाला लागून खाच पडली असेल तर पातं पाणी नीट पकडत नाही. दुसरी गोष्ट, पंख्याच्या आत रबराचा बुश असतो, तो सैल झाला की इंजिन ओरडतं, आरपीएम चढतात अन् बोट जागची हलत नाही. माझ्या एका मित्राची बोट अशीच होती, सगळ्यांनी कार्ब्युरेटर खोलून खोलून पाहिला. शेवटी आम्ही त्याच्या बायकोच्या नेलपॉलिशनं आतल्या नळीपासून बाहेरच्या पंख्यापर्यंत एक सरळ लाल रेघ मारली, एक चक्कर मारून आलो, तर रेघेचे दोन तुकडे, मधे बोटभर अंतर. बुश गेला होता, बाकी काही नाही. तुमचे आरपीएम कमी पडतायत म्हणून तुमच्याकडे हे नसावं, पण पाच मिनिटांचं काम आहे, करून बघा.

मग वजन. माणूस पाण्यातून निघतो तेव्हा बोटीचं नाक वर आणि ढुंगण खाली गेलेलं असतं, तो चढ पार करून बोट पाण्यावर सपाट झाली की मग खेचणं सोपं. म्हणून पेट्रोलची टाकी, बॅटरी, नांगर सगळं पुढे सरकवा. मागे बघणारा जो माणूस असतो (तो हवाच, चालवणाऱ्यानं मागे बघत बोट हाकायची नाही) त्यालाही सुरुवातीला पुढे बसवा, तोंड मागे करून. इंजिनाचा ट्रिम (बोटीशी असलेला इंजिनाचा कल) पूर्ण आत घ्या आणि बोट सपाट झाली की मग थोडा बाहेर काढा.

स्की कोणती वापरता ते लिहिलं नाही तुम्ही. एका स्कीचा हट्ट असेल तर सोडा, त्याला फार ओढ लागते. रुंद आणि लांब जोडी घ्या. 1922 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात, लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाचा 18 वर्षांचा पोरगा पहिल्यांदा असा उभा राहिला, तेव्हा त्याच्या फळ्या 8 फूट लांब आणि 9 इंच रुंद होत्या, आधी पिंपाच्या पट्ट्या आणि बर्फाच्या स्की वापरून तो बुडतच होता. फळी जेवढी मोठी तेवढं कमी वेगात पाणी माणसाला उचलून धरतं, त्याच्या काळच्या बोटीत दम कमी होता तरी म्हणून जमलं.

आणि तुम्ही स्वतः, गुडघे छातीशी, हात सरळ, उभं राहायची घाई नको. छोट्या इंजिनामागे जास्त वेळ उकिडवं बसून राहावं लागतं, लोक तिथेच चुकतात, हात ओढून घेतात, स्की आडव्या होऊन पाणी ढकलायला लागतात अन् बोट मरते.

एक आपल्याकडचं. मे महिन्यात दुपारी 45 डिग्रीला हवा पातळ असते, नागपूर समुद्रापासून 310 मीटरच्या आसपास उंच, तुमच्या 40 मधले दोन-तीन एचपी तिथेच जातात. सकाळी सहाला जा. तेव्हा पाणीही आरशासारखं असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, मासेमारांची जाळीही असतात, आधी हळू चक्कर मारून लाइन ठरवा, मगच माणूस मागे बांधा.

प्रश्न : घरी नायलॉनची जाड दोरी पडलीय, ती चालेल का, आणि बांधायची कुठे?

उत्तर : नको. नायलॉन ताणलं जातं, हुक तुटला तर गोफणीसारखं परत येतं, शिवाय पाण्यात बुडून पंख्यात जातं. स्कीची न ताणणारी, तरंगणारी दोरी मिळते, हँडलसकट 23 मीटर, तीच घ्या. इंजिनाला कधीच बांधू नका. मागच्या दोन्ही कड्यांना इंग्रजी व्ही सारखा पट्टा लावून त्यात दोरी अडकवा, ओढ दोन्हीकडे वाटली जाते अन् बोट एका बाजूला खेचली जात नाही.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, पोहता येतं तिला. काकाच्या 25 एचपी बोटीमागे जमेल का?

उत्तर : जमेल ताई. वजन कमी म्हणून तिला ताशी 20 ते 25 भरपूर, बोटही दमणार नाही. लाइफ जॅकेट तिच्या मापाचं घ्या, खांद्याला धरून वर उचललं तर हनुवटीपर्यंत सरकायला नको. हाताच्या खुणा आधी जमिनीवर पाठ करून घ्या, अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर. पडली की काकांनी तिच्याकडे हळू यायचं, जवळ आल्यावर इंजिन पूर्ण बंद, नुसतं न्यूट्रल नाही, आणि मगच तिला आत घ्यायचं.