अनोळखी भागात चांगला पिझ्झा आणि खरंच तिथेच शिजवलेलं सूप देणारं रेस्टॉरंट कसं ओळखायचं?

प्रश्न दोन पदार्थांचा आहे, पण मी सुरुवात सुपापासून करतो. कारण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "सूप मस्त दाट असलं की घरगुती वाटतं." त्या एका वाक्यासाठीच मी उत्तर लिहायला बसलो. दाटपणाचा आणि घरगुतीपणाचा काहीही संबंध नाही. दाटपणा ही सुपात सगळ्यात स्वस्तात आणि सगळ्यात लवकर आणता येणारी गोष्ट आहे. एक लिटर उकळत्या पाण्यात ३०-४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून ओतलं की दोन मिनिटांत चमच्याच्या पाठीवर थर धरतो. चव त्यातून शून्य येते. चव यायला तास लागतात आणि ते तास तुम्हाला वाटीत डोळ्यांनी दिसत नाहीत, म्हणूनच लोक फसतात.

कॉर्नफ्लोअर ओळखायची पहिली खूण अशी. सूप सावकाश प्या आणि शेवटच्या चतुर्थांशाकडे लक्ष द्या. प्रत्येक वेळी तोंडातून परत वाटीत जाणाऱ्या चमच्याबरोबर थोडी लाळ जाते. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य स्टार्च तोडतं, आणि सूप कोमट झालं की हे काम जोरात चालतं. सुरुवातीला घट्ट असलेलं सूप तळाशी पाण्यासारखं झालं, तर त्याचा दाटपणा स्टार्चचा होता. टोमॅटो, गाजर, भोपळा यांच्या स्वतःच्या गरानं दाट झालेलं सूप शेवटच्या चमच्यापर्यंत तसंच राहतं. दुसरी खूण दिसण्यातली: कॉर्नफ्लोअरचं सूप काचेसारखं चमकतं आणि भाजीचे तुकडे त्यात अधांतरी लटकलेले दिसतात. पातळ सुपात तुकडे तळाशी बसतात. बसू द्यावेत.

आता चव कुठून येते ते. कोंबडीच्या स्टॉकला, म्हणजे हाडं पाण्यात शिजवून काढलेल्या रश्शाला, साधारण एक किलो हाडांना दोन लिटर पाणी लागतं. पाणी थंडच घ्यायचं, हळूहळू तापवायचं, पहिल्या अर्ध्या तासात वर येणारा फेस काढत राहायचा आणि मग साडेतीन-चार तास अशा आचेवर ठेवायचं की अधूनमधून एखादा बुडबुडा यावा. खळखळ उकळलं की वरची चरबी पाण्यात घुसळली जाते आणि स्टॉक गढूळ, तेलकट होतो. कांदा, गाजर, सेलरी हाडांच्या वजनाच्या १०-१५ टक्के, तेही शेवटच्या तासात. मीठ अजिबात नाही, कारण स्टॉक आटणार असतो. भाज्यांचा स्टॉक वेगळा: पाऊण तासात उतरवायचा, पुढे त्याला कडवट, शिळी चव येते. माशाच्या हाडांना अर्धा तास पुरे.

असं शिजलं की हाडांतल्या आणि कातडीतल्या कोलॅजन या चिवट प्रथिनाचं जिलेटिन होतं. सूप पातळच दिसतं, पण पिऊन झाल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटतात. पावडरीच्या सुपात हे होत नाही. तिथे आधी मीठ लागतं, मग एक गोल, सपाट चव येते आणि ती प्रत्येक चमच्याला तंतोतंत तीच असते. वर एकाच मापाचे, बुडालाही मऊ न झालेले गाजराचे चौकोन आणि सुक्या पानांचा चुरा दिसला, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

याच मुद्द्यावरून एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात वाद झाला होता आणि तो मिटवायला दोन पातेली शेजारी शेजारी चढवली होती. माझी बाजू पातळ सुपाची. पहिल्या पातेल्यात पाच लिटर पाणी, स्टॉकच्या वड्या, वेगळे उकडलेले बोनलेस तुकडे आणि २०० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. पंचवीस मिनिटांत तयार. दुसऱ्यात कोंबडीच्या तीन किलो पाठी आणि पंख, सहा लिटर पाणी, पावणेचार तास, गाळून वर त्याच हाडांवरचं मांस सोडवून घातलेलं. गरम गरम समोर ठेवल्यावर बहुतेकांनी पहिलं उचललं, कारण ते "भरल्यासारखं" दिसत होतं. दीड तास वॉर्मरमध्ये ठेवल्यावर पहिल्यावर साय धरली, खाली गुठळ्या बसल्या आणि मधला भाग सैल पडला. दुसऱ्यात फरक पडला नाही. रात्री दोन्ही नीट थंड करून फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी पहिल्यातून पाणी सुटून बाजूला झालं होतं, दुसरं जेलीसारखं थरथरत होतं आणि आचेवर ठेवताच पुन्हा पातळ झालं. एवढं बघूनही मालकांचं म्हणणं तेच राहिलं: "गिऱ्हाईक दाटच मागतं." मागतं, कारण त्याला दुसरं कोणी चाखवलेलं नसतं. तुमच्यासारख्यांनी पातळ सूप परत पाठवणं थांबवलं, तर चार तास आच जाळायची हिंमत स्वयंपाकघरं करतील. 'रेस्टॉरंट' हा शब्दच मुळात अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये ताकद भरून आणणाऱ्या आटवलेल्या रश्शासाठी वापरला जायचा. जागेला ते नाव नंतर पडलं.

टोमॅटो सुपाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते सगळीकडे असतं आणि सगळीकडे बिघडतं. कांदा आधी लोण्यात किंवा तेलात मंद आचेवर १५-२० मिनिटं पूर्ण मऊ करावा लागतो. टोमॅटो आधी पडला तर त्याच्या आंबटपणामुळे कांदा पुढे कितीही शिजवा, करकरीतच राहतो. न गाळलेल्या सुपात दाताखाली कांदा कचकन लागला, की समजावं घाई झाली आहे. त्याच आंबटपणामुळे बराच वेळ गरम ठेवलेल्या सुपात कॉर्नफ्लोअरचा दाटपणाही सुटतो. मग संध्याकाळी त्यात आणखी कॉर्नफ्लोअर पडतं, आणि आंबट लागतं म्हणून साखर. आंबट, गोड आणि गुळगुळीत अशी तिन्ही एकदम जाणवणारी चव ही त्या दुरुस्त्यांची बेरीज असते.

आत जाण्याआधी हे कसं कळणार? मेनू वाचून. सुपांची यादी दहा-बारा ओळींची असेल, तर मागे एकच पाणी आणि एकच कॉर्नफ्लोअरची वाटी आहे, वरून घालायचं तेवढं बदलतं. एक किंवा दोन सुपं, आणि ती रोज बदलणारी, ही चांगली खूण. त्याहून चांगली खूण म्हणजे हाडांचा हिशेब. मेनूत अख्खी भाजलेली कोंबडी, हाडासकट मांस किंवा अख्खा मासा आहे का? असेल तर त्या स्वयंपाकघरात रोज हाडं उरतात आणि त्यांचं सूप होऊ शकतं. सगळा मेनू बोनलेस तुकड्यांचा असेल, तर स्टॉकसाठी हाडं मुद्दाम विकत आणावी लागतील, आणि तसं करणारे फार थोडे.

वेटरला "सूप ताजं आहे का?" विचारू नका. "हो" शिवाय उत्तर येत नाही. विचारा, "कॉर्नफ्लोअर न घालता मिळेल का?" लगेच "हो, देतो" आलं, तर दाटपणा ऑर्डर आल्यावर चढवला जातो. "यात ते नसतंच" किंवा "सूप सकाळीच झालंय, आता काढता येणार नाही" ही दोन्ही उत्तरं भल्या स्वयंपाकघराची आहेत. जमलं तर दुपारी जा. रात्री दहाचं सूप आठ-नऊ तास गरम पाण्याच्या टाकीत बसलेलं असू शकतं. आणि सूप समोर आल्यावर ते वाफाळतं हवं, साठवणुकीत ते ६० अंशांच्या वर असायला हवं. कोमट आलं तर चवीचा विचार न करता परत पाठवा, तो पोटाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आता पिझ्झा. इथे लोक लाकडाचा ओव्हन दिसला की विरघळतात. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. एवढ्या वेळात धूर चवीत शिरायला फारसा वाव नाही. लाकडाचा फायदा तापमानाचा आहे, ओव्हनची फरशी ४३० अंशांच्या आसपास जाते. गॅसच्या ओव्हनमध्ये ते तापमान मिळालं तर तोच परिणाम येतो, आणि लाकडाचा ओव्हन नीट न तापवता चालवला तर त्यातूनही पांढऱ्या बुडाचा पिझ्झाच बाहेर येतो.

म्हणून पिझ्झ्याचं बूड बघा. तुकडा उचलून उलटा करा. एकसारखा फिका, कागदी रंग आणि सारख्या अंतरावरची टोचल्याची भोकं असतील, तर बेस आधीच अर्धवट भाजून आलेला आहे. जाळीची नक्षी असेल तर तो जाळीवर ठेवून भाजला. तो वाईटच असतो असं नाही, पण फरशीवरचा कुरकुरीतपणा तिथे येत नाही. गडद आणि फिके ठिपके विस्कळीत पसरलेले असतील, तर पीठ कच्चं असताना तापलेल्या दगडावर पडलं आहे. मग काठ मधोमध तोडा. आत लहान-मोठी, वेडीवाकडी भोकं म्हणजे पिठाला वेळ मिळाला. पावासारखी बारीक एकसारखी जाळी म्हणजे भरपूर यीस्ट घालून तासा-दोन तासांत फुगवलं. अशा पिठाला यीस्टचा वास येतो. चांगल्या पिठात मैद्याच्या ६०-६५ टक्के पाणी, अडीच टक्क्यांच्या आसपास मीठ आणि अगदी चिमूटभर यीस्ट असतं, आणि ते फ्रिजमध्ये २४ ते ७२ तास राहतं. म्हणून "पीठ कधी मळलं?" याचं उत्तर "आत्ताच, एकदम ताजं" आलं, तर ती तक्रारीची गोष्ट आहे. "काल" हे उत्तर हवं. आणि रात्री नऊ वाजता "पिझ्झा संपला, पीठ नाही" म्हणणाऱ्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी लवकर जा.

सॉस आणि बेस यांच्या मधे ओला, चिकट, पांढरा थर राहिला असेल, तर कारणं तीनच: सॉस जास्त, गोळा फ्रिजमधून काढून लगेच लाटला, किंवा फरशी थंड. तिसरं कारण गर्दीच्या वेळी घडतं. एकामागून एक पिझ्झे पडत राहिले की दगडाची उष्णता जाते आणि सावरायला वेळ मिळत नाही. उघडल्याबरोबर गेलात तर दगड अजून पुरता तापलेला नसतो. उघडल्यानंतर तासाभराने, गर्दीच्या आधी, ही वेळ साधा.

चीजबद्दल थोडक्यात. ३० सेंटीमीटरच्या पिझ्झ्याला ८०-१०० ग्रॅम मोझरेला आणि ७०-८० ग्रॅम सॉस पुरतो. "चीज भरपूर" असं कौतुक ज्या रिव्ह्यूंमध्ये पुन्हा पुन्हा येतं, तिथे चीजखाली काहीतरी लपवलेलं असतं. उलट "काठ थोडा करपला होता", "चीज कमी वाटलं" अशा तक्रारी दिसल्या, तर मी त्या ठिकाणी नक्की जातो. पहिल्यांदा मार्गरिटाच मागवा, आणि तिथेच बसून खा. बंद खोक्यात दहा मिनिटांत वाफेनं बूड मऊ पडतं, मग दोष भटारखान्याचा की खोक्याचा ते कळत नाही.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मैदा लोण्यात परतून दाट केलेलं सूप लाळेच्या परीक्षेत नापास होतं, पण ती जुनी आणि प्रामाणिक रीत आहे. डाळ किंवा बटाटा घातलेलं सूपही सैल पडू शकतं. फ्रीझरमधला स्टॉक वापरला म्हणून सूप खोटं ठरत नाही, नीट गोठवलेला स्टॉक चांगलाच लागतो. आणि अजिनोमोटोवर माझा काही आक्षेप नाही. तो हाडांच्या जागी वापरतात, त्याला आक्षेप आहे.

दोन्ही एकाच छताखाली हवं असेल, तर मेनू छोटा असलेलं ठिकाण घ्या, पाच-सहा पिझ्झे आणि एक सूप. आधी सूप मागवा. ते पातळ, गरम आणि ओठांना चिकटणारं निघालं, तरच पिझ्झा सांगा. सूप वाटीत ओततानाच चकाकलं तर बिल मागा आणि पिझ्झ्यासाठी दुसरीकडे जा.