बांधकामाचे साहित्य दर वेळी कमी का पडते?

बेसा भागात घराचे बांधकाम सुरू असून अंदाजपत्रकाप्रमाणे साहित्य मागवूनही रेती, लोखंड आणि सिमेंट कमी पडते, तेव्हा हिशेब कसा ठेवावा, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात साइटवर स्टोअरचे काम पाहतो. बहुतेक घरमालक बिले जपून ठेवतात. परंतु प्रत्यक्षात किती माल उतरला आणि किती वापरला गेला, हे बिलावरून कळत नाही.

सर्वाधिक तूट रेतीत येते. टिप्पर रिकामा होण्यापूर्वी हौद्याची लांबी, रुंदी आणि रेतीची सरासरी उंची फुटांत मोजून गुणाकाराला 100 ने भागावे, म्हणजे ब्रास निघतात (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). मात्र ओलसर रेती फुगलेली असते. सरळ काचेच्या बरणीत ती 20 सेंटीमीटरपर्यंत सैल भरावी, पाणी ओतून ढवळावी आणि बसू द्यावी. रेतीची पातळी 16 सेंटीमीटरवर आली, तर आपण पाच ब्रासचे पैसे देऊन चारच ब्रास घेतली आहे.

लोखंड वजनावर विकत मिळते, पण कापले जाते लांबीवर. म्हणून धर्मकाट्याच्या पावतीबरोबर सळयांचे नगही लिहावेत. मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते. त्यानुसार 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई सुमारे 10.67 किलो भरते.

सिमेंटच्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी नोंदवहीत 60 गोण्या होत्या, पण नवा माल जुन्यावर रचला गेल्याने तळातल्या 11 गोण्या दगड झाल्या होत्या. तेव्हापासून गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा मी नोंदवतो, थप्पी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर लावतो, दहापेक्षा उंच जाऊ देत नाही आणि जुना माल आधी काढतो.

आता मुख्य गोष्ट. 1:1.5:3 (सिमेंट, रेती, गिट्टी) प्रमाणाच्या काँक्रीटला एका घनमीटरमागे साधारण आठ गोण्या लागतात. पाच घनमीटर काम झाले आणि 40 ऐवजी 46 गोण्या संपल्या, तर मुकादमाला त्याच संध्याकाळी, रिकाम्या गोण्या समोर मोजून विचारावे. आठवड्याने विचारल्यास त्यालाही नेमके आठवत नाही.